घाई नसलेला खेळ

अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात कुणी नावही न ऐकलेला कॉम्प्युटर गेम शोधून काढण्यात आमच्या साडूंचा हात धरणारा माणूस नव्हता. आणि खरं सांगायचं तर तो हात धरायची कुणाला इच्छाही नव्हती. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणे, म्हणून मीही दाजीच म्हणू लागलो. ते मात्र माझ्या लग्नाला बारा वर्षं होऊन गेली तरी मला ‘पावणं’च म्हणत. हुपरीला त्यांचं घर, आणि घरातच चांदीच्या पैंजणांचं काम. परसात भट्टी, पुढच्या सोप्यात कड्या जोडायला बसलेल्या बायका, आणि या सगळ्याच्या मधोमध, देव्हाऱ्याला पाठ लागणार नाही अशा बेतानं ठेवलेला कॉम्प्युटर. नव्वदीच्या शेवटी तो घेतला होता पैंजणांच्या नक्षीचे नमुने काढायला. नमुना एकच निघाला आणि तो वहिनींनीच (बायकोच्या या थोरल्या बहिणीला मी वहिनी म्हणे) नापास केला. पण कॉम्प्युटरबरोबर आलेल्या सीडीच्या कुठल्याशा कोपऱ्यात दाजींना एका बेडकाचा खेळ सापडला, आणि तिथून माणूस कामातून गेला.

ज्या खेळांनी त्या काळी पोरंसोरं वेडी झाली होती त्यांच्याकडे दाजी ढुंकून बघत नसत. बंदुकीच्या सगळ्या खेळांना मिळून त्यांनी ‘शिमगा’ असं एकच नाव ठेवलं होतं. कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर फुकट सीडी यायची. तिच्यातला मुखपृष्ठावर मिरवणारा खेळ लोक आधी उघडत. दाजी फोल्डरच्या आतल्या फोल्डरच्या आतल्या फोल्डरात शिरत आणि तळाशी पडलेलं काहीतरी बारकं, गरीब, करड्या रंगाचं वर काढत. कोडी, डावपेच, ठोकळे सरकवणं, पाटाचं पाणी वळवणं, असलं. “खेळ करणारा मानूस एकटा पायजे, पावणं,” ते सांगत. “धा जणांनी मिळून केलेला खेळ म्हंजे लग्नातली आमटी. मीठ कुणी घातलं ह्येचा पत्ताच न्हाय.” इंग्रजी नावं त्यांच्या जिभेवर बसत नसत, त्यामुळे प्रत्येक खेळाचं त्यांनी बारसं केलं होतं. ‘पाटकऱ्याचा’, ‘आंधळ्या हत्तीचा’, ‘सासू-सुनंचा’. या शेवटच्या खेळात दोन ठोकळे एकमेकांशेजारी आले की दोन्ही फुटत.

शोधून भागत नसे, तुलनाही व्हावी लागे. त्यासाठी लाल कापडी बांधणीची एक वही होती. चांदीची शुद्धता टंचात मोजतात. दाजी खेळांचा टंच काढत. डोकं किती लागतं, डोळे किती शिणतात, आणि खेळ लबाड आहे का, अशा तीन कसोट्या. लबाड म्हणजे आपण नीट खेळूनही जो नशिबानं हरवतो तो. अशा खेळापुढे ते फक्त ‘पितळ’ असं लिहीत. एका खेळाला त्यांनी साठ टंच दिले, मग पुन्हा आठ दिवस खेळून अठ्ठावन्न केले, आणि तो बदल मला कळवायला शाहूपुरीतल्या माझ्या ऑफिसात फोन केला. मी पाण्याच्या मोटारी विकणाऱ्या एका एजन्सीत कारकून होतो. समोर चार गिऱ्हाइकं उभी, आणि इकडे मी रिसीव्हर कानाला लावून म्हणतोय, “होय दाजी, दोन टंचाचा फरक म्हणजे फरकच.” साहेबांनी मी जोडधंदा म्हणून चांदीची दलाली करतो असा समज करून घेतला, तो शेवटपर्यंत गेला नाही.

रविवारी सकाळी दहाच्या एसटीनं स्वारी कोल्हापुरात उतरे. हातात तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा, आणि तिन्ही कप्प्यांत फ्लॉप्या. प्रत्येक खेळ तीन-तीन फ्लॉप्यांवर, कारण “हुपरीच्या रस्त्याला एक फ्लॉपी मरती, एक लंगडती, एक जगती.” दार उघडताच बायको आतल्या खोलीत येऊन हळूच सांगे, “दाजी आलेत. तुमचं आज काही खरं नाही.” कारण आमच्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर खेळायचं मी आणि बघायचं त्यांनी, अशी वाटणी होती. नवा माणूस कुठे अडखळतो हे बघितल्याशिवाय टंच पक्का होत नाही, असं त्यांचं म्हणणं. मदत करायची नाही हा त्यांचा नियम. पण मी चुकीचा ठोकळा हलवायला गेलो की ते असे खोकत, की शेजारच्या काकू काढा घेऊन येत. दुपारपर्यंत माझं डोकं भणभणे आणि दाजी वहीत नोंद करत: ‘पावणं तिसऱ्या पायरीला बसलं. खेळ चांगला.’

लढाईचा एखादा खेळ चुकूनमाकून आणलाच, तर त्यातही ते लढत नसत. विहिरी खणत, वाटा बांधत, धान्य साठवत. शत्रू येऊन सगळं जाळून जाई. मी एकदा वैतागून म्हटलं, “अहो दाजी, तुम्ही आधी हल्ला करा की!” त्यांनी माझ्याकडे फार दयेनं पाहिलं. “हल्ला काय, कोण बी करतंय. टिकायला डोस्कं लागतंय.” आणि पुन्हा विहीर खणायला घेतली.

असं सगळं मजेत चाललं असताना दाजींच्या वडिलांना पक्षाघात झाला. आबा म्हणजे हुपरीतला कड्या जोडण्यातला एक नंबरचा हात. त्यांच्या पैंजणातला जोड नखानंही सापडत नसे. तोच उजवा हात गेला, आणि वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. भावकी येई, बसे, चहा पिऊन जाई. आबा कूस बदलत नसत. डॉक्टर म्हणाले, डावा हात चालवा, डोकं चालतं ठेवा. पण चालवायचं कसं? हातात रबरी चेंडू दिला, तो त्यांनी न बघता पलंगाखाली सोडून दिला.

एका बुधवारी भर दुपारी दाजी ऑफिसात आले. डबा नव्हता, नुसती वही. माझ्या टेबलासमोर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, “पावणं, घाई नसलेला खेळ पायजे. घड्याळ नको. अक्षार नको, आबास्नी इंग्रजी येत न्हाय. डाव्या हाताचं एक बोट पुरं व्हावं. आनि हरल्यावर हसणारा नको.”

त्यांच्या आवाजात मी तोवर कधीच न ऐकलेलं काहीतरी होतं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

त्या महिन्यात आम्ही शाहूपुरीतल्या एका सायबर कॅफेत इतके बसलो, की कॅफे चालवणाऱ्या बाई आम्हाला हळदीकुंकवाचे तिळगूळ देऊ लागल्या. एकेक खेळ उतरवायला तासतास लागे. दाजी आधीच्या कसोट्यांवर काट मारून नव्या कसोट्यांनी पुन्हा सगळी वही तपासत होते. साठ टंचाचे दिग्गज पटापट पडले. एकात घड्याळ. एकात माउसची दोन्ही बटणं. एकात हरलं की विदूषक येऊन टाळ्या वाजवी. शेवटी त्यांना हवा तसा सापडला: कड्या फिरवून साखळी पुरी करायचा खेळ, शांत, करडा, एका बोटाचा. “हे आबांचंच काम हाय की!” दाजी एवढ्यानं ओरडले की शेजारच्या टेबलावरचं नोकरीचा अर्ज भरणारं कुणीतरी उठून उभं राहिलं.

रविवारी मीही हुपरीला गेलो. आबांना उशा लावून बसवलं, कॉम्प्युटर पलंगाजवळ ओढला. पडद्यावर कड्या आल्या. आबांनी त्या कड्यांकडे पाहिलं, मग आपल्या मांडीवर पडलेल्या उजव्या हाताकडे पाहिलं, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. वहिनी पदर तोंडाला लावून आत गेल्या. “माझंच चुकलं,” दाजी म्हणाले. “जे ग्येलं तेच म्होरं मांडलं.”

खेळ बंद करायच्या गडबडीत त्यांच्या हातून दुसराच उघडला. वहीत त्याच्यापुढे मोठ्या अक्षरांत ‘पितळ’ असं लिहिलेलं होतं. कोंबड्यांचा खेळ. चौकटीच्या अंगणात पाच कोंबड्या, एक कोल्हा. एक कुंपण आपण ठेवायचं, एक पाऊल कोल्हा टाकणार. कोंबडी ओरडली. आबांनी मान वळवली. बराच वेळ बघत राहिले. मग डावा हात गोधडीतून बाहेर आला, सरकत सरकत माउसवर गेला, आणि एक कुंपण पडलं. दुसरं कुंपण. तिसरं. कोल्हा फटीतून शिरला आणि त्यानं कोंबडी धरली.

“भाड्या!” आबा म्हणाले.

दोन महिन्यांनी तोंडातून फुटलेला पहिला शब्द. तोही इतका स्पष्ट की सोप्यातल्या बायकांचे चिमटे थांबले. वहिनींनी देवापुढे साखर ठेवली. शब्द कुठला होता हे देवाला सांगितलं की नाही, ठाऊक नाही. त्या दिवशी आबा कोल्ह्याला अकरा वेळा बोलले. दाजी माझ्या कानाशी लागून म्हणाले, “पितळ म्हणत होतो की ओ मी ह्येला.” आणि डोळे पुसायला भट्टीचा धूर नसताना परसात गेले.

तो खेळ मात्र नुसता नमुन्यापुरता होता. दहा अंगणं झाली की पडदा काळा व्हायचा. पुढची विकत घ्यायला लागणारं, परदेशात चालणारं क्रेडिट कार्ड आमच्या दोघांच्या सात पिढ्यांत कुणाकडे नव्हतं. मग खेळ करणाऱ्याला ई-मेल लिहायचं ठरलं. दाजी सांगणार, मी इंग्रजी करणार. “आधी घरच्यांची तब्येत इचारा. तिकडं थंडी लई असती.” मी लिहिलं. “आता लिव्हा, तुमचा कोल्हा लई हरामखोर हाय, पन खेळ सच्चा हाय. माझ्या वडलांस्नी फुडची अंगणं पायजेत.” हरामखोराला मी जमेल तेवढा सभ्य शब्द शोधला.

उत्तराची वाट बघण्यात दीड महिना गेला. आबा तीच दहा अंगणं खेळून कंटाळले होते. तेव्हा दाजींनी पोळपाटावर खडूनं चौकटी आखल्या, पैंजणाचे घुंगरू कोंबड्या केले, काडेपेटीतल्या काड्या कुंपणं, आणि स्वतः कोल्हा झाले. रोज दुपारी कामं थांबली की बापलेक पोळपाट घेऊन बसत. आबा कुंपण ठेवत, दाजी घुंगरू उचलत आणि मुकाट शिवी खात. शिव्यांमागून शब्द आले. ‘पाणी’ आलं, ‘नको’ आलं, दाजींचं नाव आलं.

मग एक दिवस उत्तरही आलं. खेळ करणारी एक बाई होती. तिनं सगळीच्या सगळी अंगणं पाठवली होती आणि आबांना नमस्कार सांगितला होता. दाजी धावत फ्लॉप्या घेऊन गेले. आबांनी दोन अंगणं बघितली आणि पोळपाटाकडे बोट केलं. “ह्यो नको,” ते पडद्याकडे बघून म्हणाले. “ह्येला... शिव्या... ऐकाय येत न्हाय.”

आबा त्यानंतर दोन वर्षं होते. दिवसकार्य आटोपल्यावर महिन्याभरानं दाजी आमच्याकडे आले, पिशवीत पोळपाट घेऊन. नव्या खेळाचं काही बोलले नाहीत. जेवणं झाली. त्यांनी घुंगरू मांडले, काड्या माझ्याकडे न देता आपल्याकडे ठेवल्या आणि म्हणाले, “पावणं, आज तुम्ही कोल्हा व्हा.”

मी पाऊल टाकत गेलो. दाजी डाव्या हातानं कुंपणं ठेवत होते. सातव्या-आठव्या खेळीला मला एक फट दिसली आणि मी घुंगरू उचलला. तो किणकिणला. दाजी खोकले नाहीत. त्यांनी तोंड उघडलं, पण शब्द काही आला नाही.

“खेळा की,” ते म्हणाले. “तुमचीच पाळी हाय.”

पाळी त्यांची होती. पण मी एक पाऊल मागे घेतलं.