संशोधकाची बायको

चष्म्याच्या त्या चिंचोळ्या दुकानात खुर्च्या दोनच. एकीवर म्हातारे मास्तर, नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवून. दुसरीवर वन्सं, न बोलावता आलेल्या. चष्मेवालीचा नवरा दाराशी उभा, लेक आरशाला टेकून.

लेकीला दोन सरकारी विद्यापीठांत प्रवेश मिळाला होता. एक जुनं, संशोधनासाठी नावाजलेलं. दुसरं नवं, तिथे निम्मं शिक्षण कारखान्यांत आणि शेवटी हातात नोकरी. संध्याकाळपर्यंत एकाला होकार कळवायचा होता.

"आपल्या घराण्यात पोटार्थी शिक्षण कुणी घेतलेलं नाही," वन्सं म्हणाल्या. त्या स्वतः प्राध्यापक.

"मग घराण्याची पोटं भरली कुणी?" चष्मेवालीने मास्तरांच्या फ्रेममधली काच खसकन काढून दुसरी घातली. "हे बरं की आधीचं?"

"आधीचं," मास्तर घाबरून म्हणाले.

लग्नानंतर नवरा नऊ वर्षं प्रबंध लिहीत बसला. तोही अर्धवट राहिला. तेवढ्या वर्षांत हिने हा धंदा शिकून घेतला, दुकान थाटलं, तान्ह्या पोरीला काउंटरमागे निजवून गिऱ्हाइकं केली. वन्सं मात्र तेव्हा गावभर सांगत फिरायच्या, माझा भाऊ संशोधन करतो!

"नोकरीवालं विद्यापीठ. ठरलं," ती म्हणाली आणि पुन्हा काच बदलली. "हे बरं की हे?"

"आई, मास्तरांना सतरा वेळा विचारलंस," लेक कडाडली. "मला एकदा तरी विचारलंस?"

काच हातातच राहिली. "विचारते. बोल."

"संशोधन. मातीतल्या जिवाणूंवर काम करायचंय मला. आत्याच्या घराण्यासाठी नाही, मला आवडतं म्हणून."

"आणि घर कोण बघणार? ह्यांना बायको होती म्हणून नऊ वर्षं निभावली. तुला कुठली बायको मिळणार आहे?"

मास्तर फिसकन हसले आणि घाईने फ्रेम सावरू लागले.

"मग राग बाबांवर काढ ना! शिक्षा मला कशाला?"

नवरा आपल्या चपलांकडे बघत राहिला. चष्मेवालीचा चेहरा लालबुंद झाला होता. राग तसूभरही उतरला नव्हता, फक्त तोंड दारातल्या नवऱ्याकडे वळलं.

"खरंय पोरीचं. कळव गं होकार, जुन्यालाच. ती अभ्यास करेल, मी दुकान बघेन. आणि अहो, उद्यापासून दोन्ही वेळचा स्वयंपाक तुमच्याकडे."

"अगं, त्याला साधा चहा करता येत नाही!" वन्सं उसळल्या.

"नऊ वर्षं संशोधन केलंय त्यांनी, वन्सं. शोधून काढतील."