तिसऱ्या कवचातले नऊ

माझ्या मावशीला कॉलेजने अडाणी म्हटलं, तेही लेखी. आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. सगळं कॉलेज तिला मावशीच म्हणायचं. माझी ती सख्खी, आईची धाकटी बहीण. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. परीक्षानळ्या धुवायच्या, बर्नर तपासायचे, कपाटं लावायची. शिक्षण आठवी.

पण दर वर्षी अणूचा धडा व्हायचा, तेव्हा ट्रे धरून ती मागे उभी असायची. तोच धडा सव्वीस वेळा ऐकल्यावर भिंतींनाही पाठ झाला असता. मधे केंद्रक, भोवती इलेक्ट्रॉनची कवचं, आणि खरी भानगड सगळ्यात बाहेरच्या कवचात. आवर्त सारणीत सोडियम आणि पोटॅशियम एकाच उभ्या रकान्यात बसतात, कारण दोघांकडे बाहेर एकेकच इलेक्ट्रॉन. तो कधी एकदा देऊन टाकतो असं त्यांना झालेलं असतं. पाणी लागलं की पोटॅशियम तर पेटच घेतं. म्हणून मावशीने दोघांना रॉकेलात बुडवून वेगळ्या कोरड्या कपाटात ठेवलं होतं. एका घरची आहेत, स्वभाव एकच, असं ती म्हणायची.

मग नवे विभागप्रमुख आले. तपासणी समिती यायची होती, तर यांनी फर्मान काढलं की बाटल्या इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावा. म्हणजे सोडियम थेट सल्फ्युरिक ॲसिडच्या मांडीला मांडी लावून! मावशीने नको म्हणून सांगितलं. साहेब हसले. ते बाटली हलवायचे, ही परत कपाटात ठेवायची. चौथ्या दिवशी हातात नोटीस पडली, 'अडाणीपणातून शिस्तभंग'. अशी आणखी एक मिळाली की नोकरी जाणार, आणि निवृत्तीला उरलं होतं दीड वर्ष.

नोटिशीला उत्तर म्हणून कोणती बाटली कुठे आणि का ठेवायची ते तिने इलेक्ट्रॉनसकट सांगितलं, मी लिहून घेतलं. आठवड्याभराने कपाटावर काचेची चौकट लागली, 'सुरक्षेचे नियम'. वाक्यं मावशीची, सही साहेबांची. बाटल्या गुपचूप जागेवर गेल्या, समितीने साहेबांची पाठ थोपटली, आणि नोटीस मात्र फाइलीतच राहिली. जनाची नाही तर मनाची तरी?

बरं, उतरवून घेणंही धड जमलं नाही. पोटॅशियमचे एकोणीस इलेक्ट्रॉन मावशीने दोन, आठ, आठ, एक असे सांगितले होते. तिसऱ्या कवचात अठरा मावतात एवढं साहेबांना ठाऊक, म्हणून त्यांनी आमची 'चूक' सुधारून तिथे नऊ कोंबले, दोन, आठ, नऊ. मावशी स्टुलावर चढली, काच काढली आणि पेनाने नऊ खोडला. दुसऱ्या दिवशी दुसरी नोटीस आली, फलक विद्रूप केल्याची.

मी माफीनामा लिहायला बसले. दीड वर्ष कसंही काढ म्हणून तिच्या हातापाया पडले. तिने माझ्या हातातून पेन काढून घेतलं.

"आण इकडे. या वेळी मी लिहिते."

बराच वेळ लागला तिला. अक्षर वेडंवाकडं, पण एक शब्द खोडलेला नव्हता.

'नऊ मी खोडला. नऊ लिहिलं की बाहेरचा तो एकटा इलेक्ट्रॉन दिसतच नाही. मग ही बाटली जपून का उघडायची, ते पोरांना कळणार कसं? नोकरी घ्यायची तर घ्या. तो नऊ परत लिहू नका.'