एकमताचे साठ फॉर्म

आणीबाणी उठून वर्षही झालं नव्हतं. एका परदेशी विद्यापीठाला काळजी पडली, की त्यांनी पाठवलेल्या पुस्तकांनी आमच्या खेड्यांतल्या प्रौढांना लोकशाही आली की नाही. पुण्याचे आमचे सर या संशोधनाचं इथलं काम बघत. मी दौंडच्या रेल्वे कॉलनीतला, नुकताच एम.ए. झालेला, स्वतःला फार शहाणा समजणारा. काम नीट झालं तर सर मला कायमचा सहायक म्हणून घेणार होते. नाहीतर वडिलांनी लोको शेडमध्ये शब्द टाकून ठेवलाच होता. मला ती शेड नको होती. काही झालं तरी नको होती.

माझ्या वाट्याला शिरूरकडचं एक गाव आलं. तिथे त्याच पुस्तकांवर वर्षभर प्रौढांचा नागरिकशास्त्राचा वर्ग चालला होता. साठ जणांचे फॉर्म भरायचे, नियम एकच: प्रत्येकाला एकटं बसवून विचारायचं. पहिल्या दिवशी मी शिष्टाचार म्हणून प्रश्नांचा एक कागद सरपंच आबांना दिला. इथेच माती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी चावडीपुढे अख्खं गाव. आबा म्हणाले, "या साहेब! तुमचं काम हलकं केलंय. काल मिटिंग घेतली आन् समदी उत्तरं एकमतानं ठरवून टाकली."

"अहो आबा, मला प्रत्येकाचं वेगळं मत हवंय!"

"म्हंजी परदेशात गावाची फूट दावायची व्हय?"

मग काय, एकेक जण आत यायचा आणि पाठ केलेलं म्हणायचा. गावात निर्णय कोण घेतं? समदे मिळून. मनाविरुद्ध झालं तर? होतच न्हाई. एका आप्पांना सातवं उत्तर आठवेना, तर ते बाहेर जाऊन विचारून आले. मिटिंगमध्ये वयसुद्धा ठरलं होतं. मिसरूड न फुटलेला पैलवानही चाळीस आणि काठी टेकत आलेले आप्पाही चाळीस!

शेवटची आली बौद्धवाड्यातली एक बाई, खडी फोडायला जाणारी. यादीत त्या वस्तीतलं तिचं एकटीचंच नाव होतं.

"वय बत्तीस लिवा. निर्णय आबा घेत्यात. कालच्या मिटिंगला आमच्यातल्या कुणाला बोलावलंच न्हाई. लिवलं का? वाचा बरं."

मी वाचून दाखवलं. हुश्श, एक तरी खरा फॉर्म! मला इतका आनंद झाला, की तो मी घडी न घालता वेगळा ठेवला.

पुण्यात सर फॉर्म चाळून हरखले. "पुस्तकांचा केवढा हा परिणाम! वयं तेवढी अंदाजाने बदल." मग तिचा फॉर्म हातात आला. "हा बिघडलाय. भरताना चुकलास वाटतं. नीट करून आण."

सर, ती खरंच असं म्हणाली, एवढंच बोलायचं होतं. मी म्हणालो, "हो सर." व्हरांड्यात बसून नवा फॉर्म घेतला आणि त्यावर लिहिलं: सगळे मिळून. नोकरी लागली.

काही महिन्यांनी शिरूरच्या बाजारात तिनेच मला हाक मारली. सोबत वस्तीतल्या दोघीतिघी होत्या.

"साहेब, माझं म्हननं तिकडं पोचलं का?"

"पोचलं की," मी म्हणालो.

ती बायांकडे वळली. "बघा! मी म्हनत न्हवते? तिकडं ऐकत्यात, तर हितं का न्हाई ऐकायचे? आता फुडच्या मिटिंगला आपुन समद्या जायाचं."

लाजेने मला तिथून पळून जावंसं वाटलं. तिने पाटीतले दोन पेरू काढून माझ्या हातावर ठेवले, आणि मी ते घेतले.