झेंडूचे तीन हार

उन्हात तापलेल्या झेंडूचा उग्र वास नाकात शिरला की मला आमची डिझेलची जीप आठवते. वडील तिला जिवापाड जपायचे. ऑइल वेळेवर बदलायचे, रोज सकाळी बॉनेटपाशी वाकून इंजिनचा आवाज ऐकायचे. त्या दसऱ्याला त्यांनी आमच्याच मळ्यातल्या झेंडूचे तीन जाडजूड हार तिच्या पुढच्या जाळीवर बांधले. दुपारी आईला दम्याचा झटका आला. तिला मागे बसवून आम्ही नाशिककडे सुसाट निघालो. तापमानाच्या काट्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, आणि चढावर इंजिन एकदम बंद पडलं. बॉनेटमधून वाफ, शिजलेल्या फुलांचा वास आणि मागून आईच्या छातीची घरघर. "काय कमी केलं हिला मी?" चावी फिरवत वडील पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते. आई धापा टाकत कशीबशी म्हणाली, "अहो, नाक बांधलंय तुम्ही तिचं. हार काढा आधी." वडिलांनी हार ओरबाडून काढले, बोटं भाजून घेतली, पण इंजिन जाम झालं होतं. शेवटी एका कांद्याच्या टेम्पोवाल्याने आईला दवाखान्यात पोचवलं. ती वाचली. तेव्हापासून वडील सकाळी उठले की आधी तिच्या खोलीच्या दाराशी थांबून तिचा श्वास ऐकायचे, मगच गाडीकडे जायचे. आता ती जीप नाही, आईही नाही. आज दसरा. नव्या गाडीवर एकच फूल ठेवून मी घरात आलो, तर वडील त्या रिकाम्या खोलीच्या दाराशी कान देऊन उभे होते.