रावसाहेबांच्या ऑर्किडचे पानसोट

चाकू चौथ्या कुंडीतल्या फुटीला टेकलाच होता. तेवढ्यात न्हाणीघराच्या मागून माझी बायको गिरजा सारा कॅम्प गोळा होईल अशी ओरडली, "अवो, थांबा! कापू नका! इकडं या आधी, तुमच्या पानसोटाले कळ्या आल्या!"

मी तसाच चाकू घेऊन पळालो. रावसाहेब कोर्टात गेले होते ही देवाची कृपा.

मी अमरावतीच्या कॅम्पात एका वकिलांच्या बंगल्यावर हेडमाळी होतो. माळी मी एकटाच. 'हेड' मी माझ्या मनानं लावलं होतं. वकिलांना सरकारनं रावसाहेब केलं आणि त्याच साली त्यांनी कलकत्त्याहून रेल्वेनं ऑर्किडच्या बारा कुंड्या मागवल्या. कुंडीत माती नाही, नुसता कोळसा आणि विटांचे तुकडे! उन्हाळ्यात माणसं घामानं निथळत आणि ऑर्किड वाळ्याच्या ताट्यांआड गारव्याला बसत. अकोल्याच्या क्लबात रावसाहेबांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, फूल काय चीज असते ते आमच्याकडं येऊन बघा. दोन हिवाळे गेले. बघायला नुसती पानं.

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर त्यांनी मला बोलावलं. "श्रीपत, शिवरात्रीनंतर अकोल्याले फुलांचं प्रदर्शन हाये. आपली एक तरी कुंडी फुलली पाहिजे. नाई त नागपूरचा एक माळी मी पाहून ठेवला हाये. तू आपला मोर्शीले जाय, संत्रे सांभाळ."

संत्रे सांभाळायला माझी ना नव्हती. पण माझ्या दोघी पोरी कॅम्पातल्या शाळेत जात होत्या. थोरली इंग्रजी अक्षरं वळणदार काढायची. मोर्शीकडच्या आमच्या खेड्यात पोरींची शाळाच नव्हती. बंगल्यामागची खोली सुटली, की दोघींची पाटीही सुटली. माझी झोप त्यापायी उडाली होती.

आता पानसोट म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर माझा गाढवपणा तुम्हाला कळायचा नाही. संत्र्याचं झाड कलमी. खाली जंबेरी लिंबाचा खुंट, त्यावर संत्र्याचा डोळा बांधलेला. त्या खुंटातून मध्येच एखादी जाडजूड, रसरशीत फूट निघते आणि सरसर वाढते. फळ देत नाही, झाडाचा रस मात्र पिते. तो पानसोट. आमचा बाप म्हणायचा, "पानसोट दिसला का काप, त्याले नाव-गाव विचारू नको."

थंडी पडली की ऑर्किडलाही खालच्या पानांच्या बेचक्यातून अशीच जाडजूड, हिरवीगार फूट येई. मोर्शीचा माणूस दुसरं काय समजणार? बुडापासून कापायचो आणि वर राख लावायचो. संध्याकाळी रजिस्टरात लिहायचो: 'कुंडी नंबर सात, पानसोट एक काढला.' रावसाहेब कोर्टातून आले की रोज रजिस्टर बघत आणि लाल शाईनं शेरा मारत, 'शाबास'. मी त्या शाबासकीवर दोन वर्षं फुगत होतो.

तर न्हाणीघरामागं. तिथं धुण्याच्या दगडाजवळ बारावी कुंडी पडून होती. पावसाळ्यात मांजरानं ती पाडली, कुंडीला तडा गेला, दोन पानं मोडली. मी सुतळीनं आवळून ती तिकडं ठेवली आणि तिचं नाव सोडलं. गिरजा धुणं धुताना तिच्यावर चार शिंतोडे उडवायची, तेवढीच तिची सेवा. त्या कुंडीतून वीतभर दांडी निघाली होती आणि तिच्यावर सात कळ्या, हरभऱ्याच्या घाट्यांसारख्या टपोऱ्या!

बाप्पा बाप्पा! मी नाचलो हो. पन्नाशीला टेकलेला माणूस, हातात चाकू, धुण्याच्या दगडाभोवती गरगर नाचलो. गिरजा हसता हसता खाली बसली. मग मी एकदम थांबलो, कारण डोक्यात उजेड पडला.

गिरजाच्याही पडला. "अवो, म्हंजे दोन वर्सं तुमी फुलंच कापून राह्यले का?"

"फुलं नाई. फुलांच्या दांड्या."

"हो का? मंग त काईच झालं नाई!" असं म्हणून ती पुन्हा हसत सुटली, आणि मलाही हसू आवरेना. रडायला हवं होतं खरं तर.

त्या दुपारी आम्ही दोघं व्हरांड्यात पोटावर पालथे पडून एकेक कुंडी बघत बसलो. ऑर्किडला तीन गोष्टी फुटतात. नवं पान मधल्या शेंड्यातून वर येतं. त्यात चूक होत नाही. मूळ कुठूनही फुटतं, टोक गोल आणि चकचकीत हिरवं, मागचा भाग चंदेरी, आणि ते वाट्टेल तिकडं भटकतं, बहुतेक खाली. दांडी मात्र पानाच्या बेचक्यातून निघते, जरा चपटी असते. तिचं टोक तान्ह्या बाळाच्या मुठीसारखं, अंगठा वेगळा दिसणारं. आणि ती उजेडाकडं चालते. अडचण एवढीच, की पहिले आठ दिवस मूळ आणि दांडी जुळ्या बहिणींसारखी दिसतात.

चौथ्या कुंडीतली फूट, जिला माझा चाकू टेकला होता, ती मी म्हणालो दांडी. गिरजा म्हणाली मूळ. हात लावायचा नाही असं ठरलं. आठ दिवसांनी ती खाली वळून कोळशात घुसली. मूळच होतं. गिरजानं ते मला आयुष्यभर ऐकवलं. बाकीच्या कुंड्यांवर मात्र माझ्या राखेचे डाग तेवढे होते. त्यांचा त्या सालचा हंगाम मी कापून मोकळा झालो होतो.

आता रावसाहेबांना काय सांगायचं? मी म्हणालो, "सांगतो की बारावी कुंडी मुद्दामच तिकडं ठेवली होती. स्पेशल ट्रीटमेंट."

गिरजा म्हणाली, "आन् पुढच्या साली साऱ्याच कुंड्यांले फुलं आले, त काय सांगान? सांगून टाका खरं. पोरींचं काय व्हाचं ते होईन."

संध्याकाळी रावसाहेब चहा पीत होते. मी बारावी कुंडी पुढ्यात ठेवली आणि सगळं ओकलो. त्यांची कपबशी खाली आली.

"कावून रे, किती दांड्या कापल्या तू?"

"रजिस्टरात हाये साहेब. बारीसारीक सारं लिवलं हाये."

त्यांनी रजिस्टर ओढलं. कपाळाला आठ्या घालून वाचू लागले. 'कुंडी सात, पानसोट एक.' खाली लाल शाई, 'शाबास'. 'कुंडी तीन, पानसोट दोन.' 'शाबास'. पान उलटलं. 'उत्तम. असेच लक्ष ठेवावे.' आणखी पान उलटलं. आठ्या हळूहळू उतरल्या. मिशी थरथरायला लागली. मला वाटलं आता भडका उडतो.

"श्रीपत," ते म्हणाले, "हा कागद कोर्टात गेला त तुझ्यासंगं मलेही पिंजऱ्यात उभं करावं लागते!" आणि असे हसले, असे हसले, की बाईसाहेब आतून विचारत आल्या, कोणता खटला जिंकला म्हणून.

पण वकील तो वकीलच. डोळे पुसून म्हणाले, "हसणं झालं. अट कायम हाये. हे एक कुंडी फुलासकट अकोल्याले पोचली पाहिजे. दांडी मोडली, का नागपूरवाला आला समज."

पुढचे दिवस मी ती कुंडी लेकीसारखी जपली. सुरुवातीला एक चूक केलीच. सवयीनं रोज कुंडी फिरवत राहिलो, सगळीकडं ऊन लागावं म्हणून. दांडी बिचारी रोज उजेड शोधत मान वळवायची. चार दिवसांत तिची सापाची चाल झाली. मग कुंडीवर खडूनं खूण केली, एक बाजू कायम उजेडाकडं, आणि हात मागं बांधले. एवढ्या नोकरीत हात मागं बांधायचं काम मला सगळ्यात जड गेलं.

अकोल्याला निघालो तेव्हा पाच फुलं उमलली होती, पांढरी शुभ्र. रावसाहेब सेकंड क्लासात, मी थर्डात, मांडीवर कुंडी, वरून गिरजाचं जुनं लुगडं. बडनेऱ्याला गाडी बदलली. गर्दी मरणाची. एका तेल्हाऱ्याच्या म्हातारीनं विचारलं, "काय हाये रे भाऊ, खाली कावून नाई ठेवत?"

मी लुगडं जरा बाजूला केलं.

"अवो माय!" ती म्हणाली. "कोणता देव हाये हा?"

मी म्हणालो, "ऑर्किड."

"नवा दिसते," म्हणाली, आणि कनवटीच्या पुडीतलं कुंकू काढून कुंडीला लावलं. मग काय! अख्ख्या डब्यानं सरकून देवाला जागा दिली. एकानं तर हात जोडले. हसू दाबून माझं पोट दुखायला लागलं, पण दांडीला अकोल्यापर्यंत कुणाचा धक्का लागला नाही.

प्रदर्शनात कुंडीला तडा, सुतळी, कुंकू, वर पाच फुलं. परीक्षक मडम बराच वेळ बघत राहिली. इंग्रजीत काही विचारलं. रावसाहेब माझ्याकडं वळले, "विचारते का, एवढी काय मेहनत घेतली?"

"सांगा साहेब, बारातल्या या एकीचीच घेतली नाई."

रावसाहेब इंग्रजीत बरंच लांब बोलले. ते काय म्हणाले मला आजवर ठाऊक नाही. दुसरं बक्षीस मिळालं. नागपूरच्या माळ्याला पोस्टकार्ड गेलं, येऊ नये म्हणून. पोरी कॅम्पातच शिकल्या. थोरली पुढं मास्तरीण झाली.

पुढच्या हिवाळ्यात बारापैकी नऊ कुंड्या फुलल्या. आजही कोणी कुंडी घेऊन मला विचारायला आलं, की मी आधी त्याचा चाकू काढून घेतो आणि आठ दिवसांनी ये म्हणतो. लोकांना वाटतं म्हाताऱ्याला काही येत नाही.

अकोल्याहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी सवयीनं रजिस्टर उघडलं. लिहायला काहीच नव्हतं. शेवटी लिहिलं, 'सर्व कुंड्या बघितल्या. आज काही कापले नाही.'

संध्याकाळी बघितलं तर खाली लाल शाईत शेरा होता: 'शाबास'.