चौदा फेब्रुवारीची राखी

२०१७ सालच्या चौदा फेब्रुवारीला डहाणूच्या आमच्या शाळेत इतिहासाच्या सरांनी प्रार्थनेनंतर भाषण ठोकलं. रोमच्या राजाने म्हणे सैनिकांना लग्नाची मनाई केली होती. बायको असलेला सैनिक जीव तोडून लढत नाही, ही त्याची समजूत. एका पाद्र्याने चोरून लग्नं लावली, म्हणून त्याचं डोकं उडवलं. त्याच्याच नावाने हा दिवस, ही फुलं, ही कार्डं. "या गोष्टीला पुरावा नाही आणि आपल्या संस्कृतीत तिला जागा नाही," सर म्हणाले. मग त्यांनी दोन मुलींना लाल रिबिनी सोडायला लावल्या. शाळेच्या गणवेशातच लाल रिबीन होती, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. आलं असतं तरी ते थांबले नसते.

मी पाचवीला शिकवायची. त्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्या वर्गातल्या एका मुलीचे आईवडील सायवनकडच्या पाड्यावरून आले. मुलगी इथल्या वसतिगृहात राहायची. आईच्या केसांत अबोलीचा गजरा होता, बापाच्या हातात बोरांची पिशवी. त्यांनी मला एवढंच विचारलं, "जेवते का नीट?" मी हो म्हटलं आणि ते गेले.

शाळा सुटल्यावर मी समुद्रावर फिरायला गेले. सुरूच्या झाडांपाशी घोळका दिसला. एकसारखे रुमाल गळ्यात बांधलेले पाच-सहा जण, पुढे आमचे सर. मधे तेच नवराबायको. एका कागदात भजी खात बसले होते, तेवढ्यात यांनी गाठलं. भजी वाळूत सांडली होती.

सरांच्या हातात राखी होती, श्रावणातली उरलेली, दोरा विटलेला.

"बांध याला," सर म्हणाले.

"राखी भावाला बांधतात," ती म्हणाली. "हा माझा गोहो आहे. नवरा."

"लग्न कधी झालं?"

"व्हायचं आहे."

रुमालवाले हसले. आता सावज हाती लागलं, असं ते हसणं होतं. आमच्या तालुक्यात कित्येक आदिवासी जोडपी आधी संसार मांडतात, लग्न जमेल तेव्हा लावतात, आणि गावात त्यांना कोणी कमी लेखत नाही. इथे जन्म काढलेल्या इतिहासाच्या शिक्षकाला हे ठाऊक नसावं, याचा मला संताप आला. पण मी घोळक्यामागेच उभी राहिले. उद्या याच माणसाशेजारी बसायचंय, हा विचार मनात आला होता.

नवरा एक पाऊल पुढे आला. तिने त्याचा दंड धरला आणि सरांना म्हणाली, "दुपारी आम्ही तुमच्याच शाळेत आलो होतो. तुम्ही दारात उभे होता. आमची पोर पाचवीत आहे."

तेव्हा कुठे मी तोंड उघडलं. "माझ्याच वर्गात आहे, सर."

सरांनी राखी खिशात घातली. "मग आधी सांगायचं ना," ते तिला म्हणाले, जणू चूक तिचीच. रुमालवाले पुढची जोडी शोधायला निघाले. मी तिला म्हटलं, "वाईट वाटून घेऊ नका." तिने माझ्याकडे पाहिलं. सरांकडे पाहिलं होतं तसंच. मग दोघं एसटी स्टँडच्या दिशेने चालू लागले.

जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा सहावीत गेलेली ती मुलगी मैत्रिणींसोबत मला सांगत आली की सुट्टीत आईबाबांचं लग्न झालं. लग्न लावणाऱ्या धवलेरी बाईने रात्रभर गाणी म्हटली, सवाशिणींनी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिला आणि ही वरातीत सगळ्यांपुढे नाचली. मैत्रिणींपैकी कोणी हसलं नाही. उलट एकीने विचारलं, "जेवायला काय होतं?"

हे मी शिक्षकांच्या खोलीत कौतुकाने सांगितलं. सर वहीतून मान वर न करता म्हणाले, "आधी पोरं, मग लग्न."

"तुम्ही तर मुलगी पाहायच्या आधी हुंड्यातल्या मोटारसायकलचा रंग पसंत केला होता," मी म्हटलं. ही हकिगत त्यांनीच आम्हाला फुशारकीने ऐकवली होती.

बाकीच्यांनी चहात डोकं घातलं. सरांनी वही मिटली आणि ते उठून गेले. त्यानंतर दोन वर्षं आम्ही एका शाळेत होतो. तासांच्या वेळापत्रकापलीकडे ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि त्याचं मला एकदाही वाईट वाटलं नाही.