तुळशीला लावलेला गाळ

विज्ञान लोकांना समजावून सांगणं हा रीतसर पेशा असावा, की ज्याला आवड आहे त्याने सवडीने करावं, असं परवा एका सभेत मला विचारलं. पेशाच असावा, म्हटलं आणि खाली बसले. कारण सांगायला मिळालेली दोन मिनिटं पुरली नसती. ते इथे लिहिते.

गोवा घटकराज्य होऊन थोडेच महिने झाले होते. मी पेडण्याच्या सरकारी कचेरीत पाणी तपासायच्या कामावर होते. बाटलीत पाणी घ्यायचं, तपासायचं, कागदावर लिहायचं. दिवाळीच्या आधी जवळच्या पार्से गावातल्या एका वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, कावीळ आली. विहिरीत ब्लीचिंग पावडर घालायचं ठरलं. ती कशी वापरायची ते सांगणारा कागद कोकणीत काढायचा की मराठीत, यावर कचेरीत आठवडाभर वाद चालला. शेवटी साहेब म्हणाले, "तूच जाऊन तोंडी सांग. बोलायला काय लागतं?"

मी गेले. विहीर ज्या घराला लागून होती तिथल्या म्हातारीकडे डबा दिला. पावडर बालदीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी विहिरीत ओतायचं, तासभर कोणी पाणी काढायचं नाही, सगळं करून दाखवलं. वासाने बायका बिचकल्या. त्यांची भीती जावी म्हणून मी म्हटलं, "घाबरू नका, खाली बसतो तो चुनाच." ते खरं होतं, पण अर्धंच; गाळात पावडरीचा जहालपणाही उरतो, हे मी सांगितलं नाही.

तुळशीचं लग्न तोंडावर आलेलं. घरात आलेला चुना कोण फेकून देईल? म्हातारीने गाळ साठवला, त्याने तुळशीवृंदावन रंगवलं आणि बालदी विसळून ते पाणी तुळशीच्याच मुळाशी ओतलं. तीन-चार दिवसांत तुळस करपली. वाड्याने विहीर सोडली आणि बायका व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी भरू लागल्या. म्हातारीची सून सातव्या महिन्यात होती. अशा बाईला कावीळ झाली तर जिवावर बेतू शकतं, हे मला ठाऊक होतं. तिला व्हाळाचं पाणी पिऊ देऊन चालणार नव्हतं.

मी परत गेले, तेव्हा म्हातारी अंगणातच होती.

"ये गे चुनेवाल्ये, ये! जी पावडर तुळशीक मारता, ती पोटातल्या पोराक सोडतली?"

पुस्तकातलं उत्तर तिथे उपयोगाचं नव्हतं. मी विचारलं, "आये, पेजेत मीठ किती घालतंस?"

"चिमटीभर."

"आणि वाटीभर घातलंस तर?"

"तर ती पेज तुका वाढीन."

"गाळ म्हणजे ती वाटी. विहिरीत जाता ती चिमटी."

ती म्हणाली, "ह्या तेव्हाच कित्याक नाय सांगलंस?"

मी विहिरीचं पाणी काढून तिच्यासमोर प्याले. तिच्यावर काही परिणाम झाला नाही. "तू पियालंस म्हणान माझ्या सुनेक काय?" शेजारणीकडून तिने तुळशीचं एक रोप आणलं आणि फुटक्या मडक्यात लावलं. "हिका विहिरीचा पाणी घालतंय. आठ दिवस. जगली तर सून पितली."

"कबूल," मी म्हटलं, "पण तोवर सुनेक उकळलेलाच पाणी दी."

"लाकडां तू आणतलंस?"

"मी उकळतंय, आये," सून आतून म्हणाली.

पुढचे आठ दिवस मी पायलटच्या, म्हणजे भाड्याने माणसं नेणाऱ्याच्या, मोटरसायकलवर मागे बसून पार्सेला जात होते. रोज विहिरीत पावडर घातली आणि गाळ घरापासून लांब खड्डा खणून पुरला. आठव्या दिवशी रोपाला दोन नवी पानं आली होती. म्हातारीने ती बोट लावून पाहिली आणि विहिरीवर घागर भरली. वाडाही तिच्या मागोमाग आला. पौषात सून सुखरूप बाळंत झाली.

तेव्हा नव्या राज्यात नव्या जागा निघत होत्या. मी अर्ज लिहिला: लोकांना समजावून सांगणाऱ्या माणसाची वेगळी जागा हवी, त्याला आधी शिकवावं, आणि तो चुकला तर त्याला जाब विचारता यावा.

साहेब हसले. "अगं, तू केलंसच की हे, आवडीने!"

"आवडीनेच चुकले, साहेब. बाटलीत पाणी कसं घ्यायचं ते मला तीन महिने शिकवलं. बोलायचं कसं ते एक दिवसही नाही."

अर्ज 'आवश्यकता नाही' असा शेरा घेऊन परत आला. मी नवा कागद घेतला, तोच अर्ज पुन्हा लिहिला, आणि या वेळी वरती म्हातारीचा प्रश्न जसाच्या तसा घातला: "ह्या तेव्हाच कित्याक नाय सांगलंस?"